आपल्या माणसाचे टायर

त्या दुकानात मी जे केलं तो उद्धटपणा होता, असं आमच्या नात्यातली माणसं अजून म्हणतात. म्हणोत. काय झालं ते मी सांगते, मग ज्याचं त्यानं ठरवावं.

साठ सालानंतरची ती वर्षं. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या लुगडी रंगवून आमच्या लोकांनी पोट भरलं. मग गिरण्यांचं छापील कापड स्वस्त झालं आणि आमच्या मागच्या अंगणातले हौद कोरडे पडले. तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी पिकअप चालवायला घेतली. राजाजीनगरात नवी घरं उठत होती आणि प्रत्येक घराला चपड्या लागत होत्या. चपडी म्हणजे ग्रॅनाइटची लांब फरशी. गटारावर आडवी टाकतात, कुंपणाला उभी पुरतात. खाणीतून चपड्या भरायच्या आणि बांधकामावर उतरवायच्या, हे अप्पांचं काम झालं.

गाडी अप्पा चालवायचे, पण गाडीबद्दल ठरवायचे दोड्डप्पा. दोड्डप्पा अप्पांचे थोरले भाऊ. आमच्यात घरची कुठलीही मोठी वस्तू थोरल्यानं पसंत करायची असते. अप्पा त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसत.

त्या वर्षी खाणीच्या उतारावर भरल्या गाडीचा मागचा टायर फुटला. अप्पा घरी आले, अंघोळ केली, जेवले. "टायर गेला," एवढंच म्हणाले. सकाळी मी गाडीतून कंदील काढायला गेले तेव्हा ड्रायव्हरच्या पाठीमागचा पत्रा पाहिला. गाडी कलंडताना चपड्या पुढे घसरल्या होत्या. पत्रा आत दबून सीटच्या पाठीत घुसला होता, नेमका अप्पा टेकून बसायचे तिथे. मी हात लावून पाहिला. आणखी वीतभर दगड आला असता तर घरी कोणी आलंच नसतं.

"अप्पा, दगड कुठवर आला होता?"

"आला नाही ना? झालं तर मग. तू जा कॉलेजला."

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. मुलगी म्हणून नव्हे, सगळ्यांतच पहिली. वर्गात मी सहसा बोलत नसे. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं चांगलं होतं, बोलायला तोंड उघडलं की शब्द अडायचे. त्या आठवड्यात मात्र मी अप्पांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. टायर कसा हवा? ते गाडी पुसता पुसता सांगायचे. खाणीच्या रस्त्याला खोल खाचांचा टायर नको, खाचांत खडे अडकतात आणि प्रत्येक फेऱ्याला आत आत रुततात. सरळ पट्ट्यांचा बरा. बाजूची भिंत जाड हवी, कारण दगडाची धार बाजूनंच कापते. आतले थर जास्त हवेत, ओझं ते पेलतात. "आणि टायर ताजा पाहिजे. रबर वाळलं की कितीही जाड असू दे, फुटतंच."

"मग हे दोड्डप्पांना सांगा ना."

अप्पांनी फडकं पिळलं. "अण्णांना मी काय सांगणार?"

दोड्डप्पांनी ठरवूनही टाकलं होतं. कलासिपाळ्यात त्यांच्या बायकोच्या, म्हणजे दोड्डम्माच्या, भावाचं टायरचं दुकान होतं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मागचे दोन्ही टायर तिथूनच येणार, त्यात विचारायचं काही नव्हतं. मला मात्र बरोबर चल म्हणाले.

"टायरवर इंग्लिश असतं. हिला वाचू दे. फी भरतोय ती काय फुकट?"

मामांनी भिंतीला दोन टायर उभे करून ठेवले होते. खोल खाचांचे, दांडगे, काळेभोर. दोड्डप्पांनी त्यांच्यावरून तळवा फिरवला, पूर्वी कापडावरून फिरवायचे तसा.

"काय काळा आहे बघ! काळ्यात असा काळा मिळत नाही आता."

"भाऊजी, तुमच्यासाठी वेगळे काढून ठेवले," मामा म्हणाले. "एक मिलिटरी कंत्राटदार रोज विचारून जातो. म्हटलं, नाही, आधी आपली माणसं."

"वाच ग," दोड्डप्पा मला म्हणाले.

मी वाकून वाचलं. हेवी ड्यूटी. आठ प्लाय. जे हवं ते सगळं लिहिलेलं होतं.

"म्हणजे?"

"म्हणजे जड कामाचा. आत आठ थरांइतकी ताकद."

"लिहिलंय ना तसं? मग अजून काय पाहिजे?"

अप्पा दाराशी उभे होते. त्यांची नजर खाचांवर होती. ते बोलणार नव्हते, हे मला माहीत होतं. मी वाकलेलीच राहिले, कारण मला एक वास येत होता. रबराचा नव्हे. काजळी आणि खळ कालवल्याचा. आमच्या अंगणात वाढलेल्या कुठल्याही पोराला तो डोळे मिटून ओळखता येईल.

आता आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. रंगवलेलं कापड घेताना आम्ही पांढरा रुमाल ओला करतो आणि कापडावर घासतो. रुमालाला रंग लागला तर कापड परत. लहानपणापासून दोड्डप्पांना मी हे करताना पाहिलेलं. पण आपल्या नात्यातल्या माणसाच्या दुकानात रुमाल ओला करायचा नाही. कितीही संशय असला तरी नाही. तसं करणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. त्या नियमापायी आमच्या बायकांनी किती कच्ची लुगडी मुकाट्यानं नेसली असतील!

कोपऱ्यात पाण्याचं मडकं होतं. मी रुमाल बुडवला.

"ए, काय करतेस?" दोड्डप्पा म्हणाले.

मी टायरची भिंत जोरात घासली. मामा हसले. "अग, रबर आहे ते. नव्या टायरलाही काळं लागतं, तुझ्या कॉलेजात शिकवलं नाही वाटतं?"

त्यांचं बोलणं खरंही असू शकत होतं. म्हणून मी दुकानासमोर उभ्या असलेल्या लॉरीकडे गेले. तिला नवा टायर लावलेला होता. रुमालाच्या दुसऱ्या टोकानं तो तितकाच जोरात घासला. रुमाल करडा झाला, तेवढंच. परत येऊन मामांचा टायर पुन्हा घासला. काजळ ओघळावं तसा काळा रंग खाली उतरला. त्याखाली रबर राखाडी होतं आणि म्हाताऱ्या टाचेसारखं बारीक भेगांनी भरलेलं. किती वर्षं कुठल्या गोदामात पडून होतं, कोणास ठाऊक.



मग मामा म्हणाले, "भाऊजी, तुमच्या घरात पोरी अशा बोलतात?"

मी तर अजून एक शब्दही बोलले नव्हते. पण ते ऐकल्यावर बोलले. "मामा, हे टायर अप्पांच्या पाठीमागे लागणार आहेत. वर दगड असतात."

"तोंड बंद!" दोड्डप्पा ओरडले. "आपल्या माणसाच्या दुकानात रुमाल? हेच शिकवतात कॉलेजात?"

"नाही दोड्डप्पा. हे तुम्ही शिकवलंत."

त्यांनी माझ्यावर हात उगारला. अप्पा मध्ये आले. हात धरला नाही, नुसते मध्ये येऊन उभे राहिले. "अण्णा," ते म्हणाले, "स्वल्प थांबा. हे टायर मी लावणार नाही."

अण्णांसमोर त्यांना 'मी' म्हणताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. दोड्डप्पा त्यांच्याकडे बघत राहिले, मग चपला घालून निघून गेले.

नवे टायर तेव्हा सहजी मिळत नसत. पुढच्या गल्लीतल्या दुकानदाराशी आमचं काही नातं नव्हतं. त्यानं अप्पांचं म्हणणं ऐकून घेतलं, "सरी," म्हणजे बरं, म्हणाला आणि नाव लिहून घेतलं. टायर येईपर्यंत अप्पा स्टेपनी लावून गाडी अर्धीच भरायचे. आले ते दिसायला अगदीच साधे होते. सरळ पट्टे, जाड भिंत, फिकट काळे. मी दुकानदाराला विचारूनच रुमाल ओला केला. तो म्हणाला, "दोन्ही बाजूंनी बघा, अक्का."

नात्यात बातमी पसरायला वेळ लागला नाही. विहिरीवर बायका मला 'रुमालवाली' म्हणू लागल्या. मामांच्या घरच्या लग्नाचं बोलावणं सगळ्या आळीला आलं, आम्हाला नाही. आई दोन दिवस रडली, मग म्हणाली, "बरं झालं. आहेर वाचला."

आयुधपूजा जवळ आली. गाडीची पूजा दरवर्षी दोड्डप्पा करायचे. आदल्या दिवशी दोड्डम्मा आल्या आणि उंबऱ्याबाहेरूनच मला म्हणाल्या, "हे बघ, माझ्या भावाच्या पाया पडून ये. मग तुझे दोड्डप्पा येतील पूजेला. नाही तर पुढे तुझं लग्न कसं जमतं ते बघते मी."

मी अप्पांकडे पाहिलं. ते जेवत होते. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊन ये एकदा, काय बिघडतं. त्यांनी तसं म्हटलं असतं तर मी गेले असते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "तिनं पाया पडायचं तर कशासाठी? मी जिवंत आहे म्हणून?"

दोड्डम्मा गेल्या.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी गाडी धुतली आणि कुंकवाची वाटी माझ्या हातात दिली. घरात थोरला असताना आणि मुलगी असून मी गाडीची पूजा करायची, हे आमच्या आळीत कोणी पाहिलं नव्हतं. दारादारांत माणसं उभी होती. विरुद्धच्या ओट्यावर दोड्डप्पाही होते, पाठ फिरवून. मला मंत्र येत नव्हते. मी चारही चाकांना कुंकू लावलं, मागच्या दोन्हींना जरा जास्तच, आणि वर बघून एकेकाच्या डोळ्याला डोळा भिडवला. आधी नजर खाली घेतली ती मी नव्हे.

पूजेनंतर अप्पा पुन्हा खाणीवर जाऊ लागले. पूर्ण भरलेली गाडी घेऊन ते त्याच उतारानं खाली यायचे. संध्याकाळी हातपाय धुऊन जेवायला बसायचे आणि मी पुस्तक घेऊन त्यांच्या पाठीशी टेकून बसायचे. मला तेवढंच हवं होतं.