बरी झाल्याची साक्ष

बुटीबोरीच्या ज्या सूतगिरणीत मी अठ्ठावीस वर्षं काढली, तिथे धागा तुटला की वहीत कारण लिहायचं, असा नियम होता. रकाना रिकामा सोडायचा नाही. कारण सापडलं तर ते लिहायचं, नाही सापडलं तर 'हवा कोरडी' लिहायचं. नागपुरात आठ महिने हवा कोरडीच असते, त्यामुळे कोणी हरकत घेत नसे. पावसाळ्यात 'हवा दमट' लिहायचं. धागा तुटला आणि का ते कळलं नाही, असं त्या वहीत कुठेही लिहिलेलं नाही. मी सुपरवायझर होतो. वही मीच तपासायचो.

हे सांगतोय अशासाठी, की मी रिटायर झालो आणि सहा महिन्यांत बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या. तिला शुगर नव्हती, बीपी नव्हतं, गोळ्या खायची सवय नव्हती. डॉक्टरांना विचारलं, कशामुळे? ते म्हणाले, "कधी कधी समजत नाही." मला त्यांच्याबद्दल आदर वाटला आणि रागही आला. आमच्या गिरणीत हे चाललं नसतं.

आम्ही ख्रिस्ती. घर मनीषनगरात, चर्च सक्करदऱ्याकडे. चर्चची माणसं मायाळू आहेत हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही. ती भेटायला येत, डोळे मिटून मनापासून प्रार्थना करत आणि जाताना एकेक कारण ठेवून जात. एक जण म्हणाले, ही विश्वासाची परीक्षा आहे. दुसरे म्हणाले, सोनं भट्टीत घातल्याशिवाय शुद्ध होत नाही. ते गेल्यावर बायको म्हणाली, "सोन्याले कोणी विचारलं का?" एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की कधी कधी वाडवडिलांचं कबूल न केलेलं पाप असतं, ते नातवंडांच्या अंगावर येतं.

मी हे मनावर घेतलं. बायकोच्या मोठ्या भावाला फोन करून विचारलं, की तुमच्या आजोबांनी काही केलं होतं का. तो म्हणाला, की त्यांनी एकदा शेजाऱ्याची बकरी आपली म्हणून विकली होती. मी आभार मानून फोन ठेवला. एका बकरीच्या मानाने दोन किडन्या मला जास्त वाटल्या.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बौद्ध कुटुंब राहतं. त्यातल्या ताई जिन्यात भेटल्या, तेव्हा मी कुठली कारणं शोधत फिरतोय ते त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्यात तर भाऊ, पहिल्याच धड्यात सांगून टाकतात का दुःख आहे म्हणून. तुमच्यात कितव्या धड्यात आहे?"

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार डायलिसिस. दरवेळी चार तास. त्या तीन दिवशी चर्चच्या बायका पाळीपाळीने टिफिन पाठवायच्या. किडनीच्या माणसाची भाजी दोनदा उकळून पाणी फेकून द्यावं लागतं, हे त्या शिकून घेऊन आल्या होत्या. अशा भाजीला चव म्हणून काही राहत नाही. आम्ही आधी आभार मानायचो आणि मग खायचो. आभार मानल्याशिवाय ती खालीच उतरत नव्हती.

बायकोच्या डाव्या मनगटाजवळ ऑपरेशन करून शीर धमनीला जोडली होती. तिथूनच मशीनला रक्त जातं. त्या जागी बोट ठेवलं की आत भणभण लागते. ती थांबली तर ताबडतोब दवाखान्यात पळायचं, असं सांगितलेलं. त्यामुळे रोज सकाळी उठल्याबरोबर मी तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवायचो. चालू मशीनच्या पत्र्यावर हात ठेवावा तसं लागायचं. मी म्हणायचो, "चालू आहे." ती म्हणायची, "मंग चहा ठेवा." तिला पाणी मोजून, म्हणून चहा अर्धा कप.

आमच्याकडे महिन्याचा पहिला रविवार साक्षीचा. ज्याच्यासाठी प्रभूने काही केलं, त्याने उभं राहून चारचौघांत सांगायचं. साक्षीची एक ठरलेली चाल आहे. आधी दुखणं, मग प्रार्थना, मग सुटका, मग टाळ्या. सुटका न झालेल्या माणसाला साक्ष नसते. तो बसून टाळ्या वाजवतो. दीड वर्ष मी बसून टाळ्या वाजवत होतो.

एका रविवारी पास्टर दारात मला म्हणाले, "भाऊ, वाट पाहत राहू नका. विश्वासानं आधी साक्ष द्या. झालं असं बोला. प्रभू मागून पूर्ण करते." हे ते पुष्कळांना सांगत. मला ते ओळखीचं वाटलं. वहीत आधी लिहायचं, मशीनचं नंतर पाहायचं. पुढच्या साक्षीच्या रविवारी बायकोला कणकण होती म्हणून मी एकटाच गेलो, उभा राहिलो आणि म्हणालो, प्रभूने माझ्या बायकोला पूर्ण बरं केलं आहे.

टाळ्या खूप झाल्या. दोन बायका रडल्या. पास्टरनेही दोन्ही हात वर केले. आपणच सुचवलं होतं हे त्यांच्या ध्यानात राहिलं नसावं. मलाही पाच मिनिटं खरं वाटलं, आणि ती पाच मिनिटं फार सुखाची होती, हे कबूल करतो. घरी येऊन बायकोला काही सांगितलं नाही.

मंगळवारी टिफिन आला नाही. गुरुवारीही नाही. बऱ्या झालेल्या माणसाला उकळलेली भाजी कोण पाठवणार? गुरुवारी संध्याकाळी खालच्या ताई डबा घेऊन आल्या. "दोडका आहे जी. दोनदा उकळला," म्हणाल्या. त्या आमच्या चर्चमध्ये येत नाहीत, म्हणून बायको बरी झाल्याचं त्यांना कळलं नव्हतं.

शनिवारी मशीनवर असताना बायकोचा फोन वाजला. टिफिनची पाळी लावणाऱ्या बाई होत्या. आवाज मला शेजारच्या स्टुलावर ऐकू येत होता. "वहिनी, प्रभूची स्तुती असो! मशीन सुटली म्हणे!"

बायकोने मशीनकडे पाहिलं. मीही पाहिलं. ते चालू होतं.

"बरं झालं सांगितलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग मला विचारलं, "तुम्ही सांगितलं का जी?"

"विश्वासानं सांगितलं," मी म्हणालो.

तिने तोंड भिंतीकडे केलं. अजून अडीच तास बाकी होते. मी मशीनकडे बघत बसलो.

घरी जाताना ऑटोत ती म्हणाली, "मी बरी होऊन नाही राहिली, याची तुमाले लाज वाटते काय?"

मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. लाज मला वाटत होती. तिची नव्हे. इतक्या लोकांनी इतकी प्रार्थना करून काही झालं नाही, त्याची. पण लाज ती लाजच, आणि ती शेवटी तिच्याच अंगावर गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोटं पुढे केली, तर तिने मनगटावर पदर ओढून घेतला. "मी पायलं. चालू आहे," म्हणाली. पुढे तीन आठवडे तिने मला हात लावू दिला नाही. चहा मी ठेवत होतो, ती पीत होती. बोलणं गोळ्यांपुरतं. मला दुखण्याने इतकं रडवलं नव्हतं. मी न्हाणीघरात जाऊन रडायचो, नळ सोडून. माझं वय बासष्ट.

मग साक्षीचा रविवार आला. "मले चर्चले न्या," ती म्हणाली. तिथे ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. मला वाटलं, आता चारचौघांत माझी अब्रू निघणार.

"मी बरी नाही झाली," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात ह्यायनं सांगितलं ते खोटं आहे. मंगळवारी माझी मशीन आहे, गुरुवारी आहे, शनिवारी आहे."

कोणी टाळी वाजवली नाही.

"मले हे काहून झालं, मले माहीत नाही. तुमाले बी माहीत नाही. उगाच सांगत नका जाऊ. वधस्तंभावर प्रभूनं बी 'देवा, मले काहून सोडलं' म्हणून विचारलं, त्याले कोणी उत्तर नाही देलं. पण तो आपल्याले सोडून खाली नाही उतरला." ती थांबली. दम लागला होता. "हा माणूस चार-चार घंटे लोखंडी स्टुलावर बसून राहते. त्याले पाठीचा त्रास आहे. खुर्ची देतो म्हणतात, तर म्हणते, स्टुलावरून तुही मशीन बरोबर दिसते. हे मी प्रभूचंच समजते. बाकी मले काही समजत नाही. टिफिन पाठवत जा."

आणि बसली. साक्ष संपली की हालेलुया म्हणतात, पण 'टिफिन पाठवत जा'च्या पुढे ते कसं म्हणायचं, हे कोणाला सुचलं नाही. पास्टर माईक धरून उभेच.

मग बायकांच्या बाजूने एक जण उठली. वर्षभरापूर्वी तिने साक्ष दिली होती, तेव्हा मी जोरात टाळ्या वाजवल्या होत्या. "मी म्हणलं होतं का आमच्या घरच्याची दारू सुटली," ती म्हणाली. "नाही सुटली." मागून एक म्हातारे उठले आणि त्यांनी आपले बरे झालेले गुडघे मागे घेतले. पास्टर स्टेजच्या पायरीवर बसले. "अजून कोणी?" त्यांनी विचारलं. त्या दिवशी उपासना दुपारी दीडला सुटली.

सोमवारी सकाळी मला जाग आली, तर तिचा डावा हात माझ्या बाजूला उताणा ठेवलेला होता. ती जागी होती. मी दोन बोटं ठेवली. आत भणभण चालली होती.

"चालू आहे," मी म्हणालो.

"काहून चालू आहे," ती म्हणाली, "हे नाही विचारलं तुम्ही कोणाले कधी."

मी विचार केला. गिरणीत एकेका पाळीत हजारो धागे न तुटता जायचे. त्यांच्यासाठी आमच्याकडे वही नव्हती.

"मंग चहा ठेवा," ती म्हणाली. पण हात तिने काढून घेतला नाही, म्हणून त्या दिवशी चहाला उशीर झाला.