नानांचा उपडा हात

आमच्या गॅरेजात गाडीचं बफिंग, म्हणजे मशीननं घासून पॉलिश, करताना नाना दर दोन मिनिटांनी मशीन बंद करायचे आणि बॉनेटला उपडा हात लावायचे, आजारी लेकराचं कपाळ पाहावं तसा. घासून घासून पत्रा फार तापला की रंग जळतो. नाना त्याला ताप म्हणत. "ताप ऊना. त्याले जरा दम खाऊ दे," म्हणायचे आणि स्वतःही टेकायचे.

जळगावच्या मे महिन्यात सावलीतली गाडीसुद्धा चटके देते. त्यात उन्हाचा ताप कुठला आणि मशीनचा कुठला, हे त्यांचा हात बरोबर सांगायचा. मी रंगारी. रंग मी मारायचो, झळाळी नाना आणायचे आणि गिऱ्हाईक कौतुक माझं करायचं. नानांना त्याचं काही नव्हतं. मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एवढी वर्षं ते थरथरणारं मशीन धरून नानांचे हात बधिर होत चालले होते. उकळत्या चहाचा ग्लास ते सरळ मुठीत धरून बसायचे. मला दिसत होतं. पण गाड्या रांगेत उभ्या, दुसरा कारागीर मिळेना, आणि खरं सांगायचं तर बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. त्यांना काम देत राहिलो. चुकलंच माझं.

मग रावेरच्या एका डॉक्टरीणबाईंची काळी गाडी आली. नानांनी हात लावला, ताप नाही म्हणाले आणि मशीन फिरवलं. बॉनेटच्या कडेचा रंग जळून खालचा प्रायमर उघडा पडला. मी म्हटलं, नाना, तेवढ्यावर रंगाचा हात फिरवून देतो, कुणाच्या बापाला कळणार नाही. त्यांनी ऐकलं नाही. बाई आल्यावर स्वतःच तिथं बोट ठेवून दाखवलं. बाई रागावल्या नाहीत, उलट नानांचेच हात बघू लागल्या. नानांनी हात मागे घेतले.

त्याच संध्याकाळी मशीनला वायर गुंडाळून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "मना हात आते खोटं बोलस, भाऊ," एवढंच म्हणाले आणि धुळ्याला लेकीकडे निघून गेले.

मागच्या महिन्यात मी तापानं फणफणलो होतो. कळल्यावर नाना एसटीनं आले. खाटेशी बसले आणि सवयीनं माझ्या कपाळाला उपडा हात लावला. बराच वेळ तसाच ठेवला. मग काढून घेतला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, तू देख बरं. ताप शे का?"