जोशी काकूंचं कपाळ

हे मी आईला सांगितलेलं नाही, रूममेटलाही नाही. आज तुम्हाला सांगते आहे — जमेल तसं.

२०२१ साली मी आयर्लंडमधल्या स्लायगोत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. घरच्यांना वाटायचं, पोरगी लॅबमध्ये शिकते. मी शिकत होते एम्बामिंग — मृतदेह टिकवून त्याला निरोपासाठी तयार करणं.

शिकवायच्या मॉयरा मॅडम. सत्तरीच्या. त्या भागात हे काम शास्त्र म्हणून शिकवणाऱ्या सुरुवातीच्या बायकांपैकी एक. त्यांच्या लहानपणी शेजारणीच मृताला घरी आंघोळ घालायच्या. त्या मायेला त्यांनी रक्तवाहिन्यांचं ज्ञान जोडलं. प्रत्येक मृताशी आधी बोलायच्या. "तुझा हात उचलते हं, लव्ह." — आणि हळूहळू त्या राखाडी चेहऱ्यावर झोप उतरायची. मी श्वास रोखून बघायचे. देवळात तरी मला असं कधी वाटलं होतं का?

मग एक दिवस टेबलावर जोशी काकू होत्या. मुलाकडे आल्या आणि विमानं बंद झाल्यानं अडकल्या. हृदय थांबलं. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत त्यांनीच माझ्या पानात आणखी एक मोदक टाकला होता — "खा गं, हाडं मोजता येतायत तुझी!" काका नागपुरात वाट बघत होते. पेटी मालवाहू विमानानं तिकडेच जाणार होती.

कपाळ पुसून झाल्यावर मॅडमनी विचारलं, "इथे लाल खूण होती. परत लावायची ना? कशी लावतात तुमच्याकडे?"

मला माहीत नव्हतं? सवाष्ण गेली की तिचा मळवट भरतात. आईनं दिलेली कुंकवाची डबी माझ्या पर्समध्येच होती. पण बाहेर काकूंचा मुलगा बसला होता. कुणी लावलं, हे त्यानं विचारलंच असतं. मॅडमनी कौतुकानं माझं नाव सांगितलं असतं. मग पार डब्लिनच्या सिटीवेस्टपर्यंत सगळ्या मराठी घरांत — ती मुलगी मढ्यांना हात लावते. आणि तिथून आमच्या घरी.

"नाही लागत," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी विश्वास ठेवला. मृताबद्दल कुणी खोटं बोलेल, हे त्यांच्या मनातही आलं नसावं. त्यांनी काकूंचे केस विंचरले, पदर सारखा केला. काकू इतक्या शांत, इतक्या जिवंत दिसत होत्या — मला अजून त्या हातांचं नवल वाटतं.

मुलगा आत येणार म्हणून मी मागच्या खोलीत गेले. दाराआडून त्याचा आवाज आला.

"आई... अगं, कुंकू कुठंय तुझं?"

डबी माझ्या हातात होती. मी दार उघडलं नाही.