एकतीस नंबरचा शंख

“राव, लिहून ठेवा.”

कोणी दुखावले की आमचे अण्णा एवढेच म्हणत. आवाज चढत नसे, फक्त उजव्या हाताची करंगळी ताठ होई. लिहायचो मी, कारण माझ्या खिशाला पेन असे आणि माझी नोकरीच मोजून लिहिण्याची होती. आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात मी एका लोंबीत दाणे किती आणि त्यातले पोचट किती, हे मोजत असे. ते कुंभकोणमात रेकॉर्डिंगचे दुकान चालवत. आम्ही एकाच गल्लीतले, दोन्ही घरे तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेली. उंबऱ्याबाहेर तमिळ, आत मराठी.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जो भांडत नाही आणि विसरतही नाही. आमचे अण्णा तसे होते.

ऐंशीच्या दशकात लोक त्यांच्याकडे कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी देत, ते चार दिवसांनी भरून देत. तालुका कचेरीतले एक साहेब एकदा दुकानात लोकांदेखत म्हणाले, “तुमच्या कॅसेटीत गाण्यापेक्षा खरखर जास्त.” यांनी हसून कॅसेट घेतली आणि पुन्हा भरून दिली. त्यानंतर साहेबांच्या प्रत्येक कॅसेटीतले शेवटचे गाणे शेवटच्या ओळीआधी तुटू लागले.

“असं कसं होतं हो?” साहेब विचारत.

“टेप संपली, सार. कंपनीच कमी घालते.”

हे सहा वर्षे चालले. एकूण कॅसेटी तेवीस. साहेबांची बदली झाली तेव्हा यांनी त्यांना एक कॅसेट भेट दिली. तिच्यात त्या तेवीस शेवटच्या ओळी एकापाठोपाठ एक भरलेल्या होत्या. मला म्हणाले, “त्यांचं त्यांना दिलं. आता लिहिलेलं खोडा.” मी खोडले. सूड घेऊन झाला की त्यांच्या मनात काही उरत नसे, हे मी स्वतः पाहिले आहे.

नव्वदचे दशक निम्मे सरल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर गाणी रेकॉर्ड करायचे एक सॉफ्टवेअर विकत आणले. ते फारसे नावाजलेले नव्हते. त्यांच्या मते नावाजलेल्या सॉफ्टवेअरना चार मात्रांशिवाय मोजता येत नव्हते. हे पूर्ण खरे नव्हते. पण या सॉफ्टवेअरात सात आणि पाच मात्रांची मापे पटकन बसत, गाण्याच्या मध्येच बदलताही येत, एवढे खरे. तविल, म्हणजे नादस्वराच्या साथीचा ढोल, वाजवणारे लोक प्रथमच कॉम्प्युटरसमोर न कुरकुरता बसले.

मग एक दिवस चेन्नैहून एक गृहस्थ आले. तिशीचे, चष्मा लावणारे, दिल्लीकडे वाढलेले, बोलायला गोड. त्यांची तीन माणसांची कंपनी प्लग-इन बनवत असे. प्लग-इन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम. एखादा गाण्यात देवळाच्या मंडपासारखा घुमारा आणतो, एखादा, कळ दाबली की, तंबोरा वाजवतो. त्यांना तविल आणि नादस्वराचे आवाज हवे होते. अण्णांनी अकरा दिवस वादक बोलावून, पंखा बंद करून, घामाने भिजत सगळे आवाज भरून दिले. मोबदला घेतला नाही. मागितले ते एकच.

“हे माझ्या सॉफ्टवेअरवर चाललं पाहिजे.”

“सार, सगळ्यांत आधी तुमच्यासाठी करतो,” गृहस्थ म्हणाले. मी तिथेच होतो. कॉफीचा पेला त्यांच्या हातात होता.

आठ महिन्यांनी प्लग-इन बाजारात आले. दोन नावाजलेल्या सॉफ्टवेअरवर ते चाले. यांच्या सॉफ्टवेअरवर नाही. स्वतः पंखा बंद करून भरलेला तविल यांना स्वतःच्याच कॉम्प्युटरवर वाजवता येईना.

“राव, लिहून ठेवा.”

मी म्हटले, लिहिण्याआधी विचारू तरी. यांनी फोन केला. पलीकडून उत्तर आले की प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी काम जवळजवळ नव्याने करावे लागते, आणि तुमचे सॉफ्टवेअर वापरणारी माणसे फार थोडी आहेत.

“थोडी म्हणजे किती? राव, तुम्ही मोजा.”

मी तीन रविवार बसने हिंडलो. कुंभकोणम, मायिलाडुतुरै, तंजावर. रेकॉर्डिंगसाठी ठेवलेले अकरा कॉम्प्युटर सापडले. त्यांतल्या आठांवर यांचेच सॉफ्टवेअर होते. मी नावगाव, पत्ता असा तक्ता करून चेन्नैला पाठवला. यांनी त्या दिवशी गल्लीत सगळ्यांना विडे वाटले.

पत्राचे उत्तर दोन ओळींचे आले. सॉफ्टवेअरच्या मूळ कंपनीकडे चौकशी केली. तुमच्या सबंध भागात त्यांच्या नोंदीत वापरणारा एकच आहे.

मला ते वाचताच उलगडले. यांचे दुकान सोडून बाकीच्या सात ठिकाणी मी चहा-कॉफी घेतली होती आणि प्रत्येकाने तेच सांगितले होते, की तुमच्या गल्लीतले अण्णा स्वतः येऊन, घालून, शिकवून गेले. यांनी एक प्रत विकत घेतली आणि देवळातला प्रसाद वाटावा तशी सात जणांना वाटली. वापरणारे आठ, नोंदीत एक. प्लग-इन बनवणारा नोंद पाहतो, म्हणून बनवत नाही. प्लग-इन नाही म्हणून नवा माणूस ते सॉफ्टवेअर घेत नाही, आणि नोंद एकावरच राहते. चांगले असूनही ते मागे पडले याचे कारण एवढेच, आणि त्यातले निम्मे कारण माझ्यासमोर बसले होते.

मी त्यांना तसे सांगितले. मला न सांगता येत नाही.

त्यांनी कीबोर्डवरची धूळ पुसली. मग म्हणाले, “बरं. चूक माझी. अस्की जणं (म्हणजे सगळी जणं) मोजून एकच झाली. मी एकटा. पण राव, तो माझ्यासमोर बसून बोलला ना? आकड्याशी नाही बोलला. एकाला दिलेला शब्द शब्द नसतो का?”

मी ते पत्र घडी घालून पाकिटात घातले.

वर्षभराने त्याच गृहस्थांचा फोन आला. आता त्यांना देवळातले आवाज हवे होते. घंटा, शंख, चौघडा, झांजा. मला वाटले, हे फोन आपटतील. तर हे इतके गोड बोलले की मी तिथेच सावध व्हायला हवे होते. “येऊ नका सार, उन्हाचे कशाला येता? मी सीडी पाठवतो. आमचे राव यादी करून देतील. त्यांची यादी कधी चुकत नाही.”

आम्ही बावन्न आवाज भरले. एकतीसला पहाटेचा देवळातला शंख, लांब आणि एकसंध. बत्तीसला शंख आणि सेगंडी, म्हणजे काशाची थाळी. प्रेतयात्रेपुढे चालणारा माणूस शंख फुंकतो आणि थाळीवर दोन ठोके देतो, पुन्हा शंख, पुन्हा दोन ठोके. आमच्या भागात तो आवाज आला की बायका हातातले काम टाकून मुलांना आत घेतात. मी म्हटले, हा यादीत नको. ते लगेच म्हणाले, “बरोबर. वगळा. एक्कावन्नच पाठवू.”

मी बत्तीस खोडून पुढचे क्रमांक लावले, सीडीवरचे आवाज मोजले. एक्कावन्न. सही केली. मी मोजले, ऐकले नाही. एकतीस नंबरखाली त्यांनी सेगंडीचा शंख घातला होता.

दिल्लीकडे वाढलेल्या माणसाला ते कळले नाही. त्याने यादी वाचली. यादीत लिहिले होते, ‘मंगल प्रसंगाचा शंख’. अक्षर माझे.

चार महिन्यांत ओरड सुरू झाली. भक्तिगीतांच्या कॅसेटीत, दुकानांच्या उद्घाटनात, बारशाच्या व्हिडिओत तो शंख वाजू लागला. कॅसेटवाल्यांनी माल परत पाठवला. चेन्नैच्या रेकॉर्डिंगवाल्यांनी त्या कंपनीला ‘स्मशान कंपनी’ म्हणायला सुरुवात केली, पण नेमका कोणता आवाज खोटा, हे कंपनीला कोणी कळवले नाही. यांनी मला दुकानात बोलावून सगळे सांगितले, स्वतः विडा लावून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “खोडा.”

“माझ्या सहीवर केलंत?” मी विचारले.

“तुमच्या सहीवर विश्वास बसतो, राव. माझ्या शब्दावर कोण ठेवतो?”

मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. खोटे सांगत नाही, त्या आठ दिवसांत दोनदा मला घरात एकट्याला हसूही आले. त्या गृहस्थांचा कॉफीचा पेला आठवे आणि वाटे, बरे झाले.

नंतर तिरुभुवनम्‌हून एक बाई दुकानात आल्या. विधवा, रेशमाच्या मागावर काम करणाऱ्या. पिशवीतून लग्नाची व्हिडिओ कॅसेट काढून म्हणाल्या, “सार, यातला एक आवाज काढून द्याल? तुम्ही चांगलं काम करता म्हणतात.”

आम्ही लावली. नवरा मुलीच्या गळ्यात ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधत होता. गेट्टीमेळम्‌चा, म्हणजे ताली बांधतानाच्या वाद्यांचा, गजर संपतो तोच एकतीस नंबर वाजला. शंख, दोन ठोके. शंख, दोन ठोके.

बाई खाली बघत सांगू लागल्या. मुलीच्या सासरी आडुतुरैला सगळे मिळून कॅसेट बघायला बसले. त्याच महिन्यात सासरा जिन्यावरून पडला, पाय मोडला. पुढे आडी, म्हणजे आषाढाचा महिना आला, तेव्हा नव्या नवरीला रीतीप्रमाणे माहेरी धाडले. आडी संपला, त्यापुढचा आवणीही संपला. न्यायला कोणी आले नाही. “माझ्या नवऱ्यापुढे हाच वाजला होता,” त्या म्हणाल्या. “मुलीनं घरात आणला म्हणतात.”

अण्णांनी आवाज काढून दिला. दहा मिनिटांचे काम, पण त्यांचा हात तीनदा चुकला. बाई गेल्यावर मला म्हणाले, “सासरच्यांनी तर आधीच ऐकलाय. काढून काय उपयोग?”

दुसऱ्या दिवशी माझ्याच बसने ते आडुतुरैला आले. मी कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मुलीची सासू ओटीवर तांदूळ निवडत होती. हे उभेच राहिले.

“अम्मा, तो शंख तुमच्या सुनेनं आणला नाही. मी ठेवला. मुद्दाम. चेन्नैच्या एकाशी माझं वैर आहे.”

सासूने सूप खाली ठेवले. “तुमचं वैर चेन्नैशी, आणि शंख माझ्या घरात?”

“हो.”

“तुम्हाला मुली आहेत?”

“नाहीत.”

“तरीच.” ती उठली, आत जाऊन पाय बांधून पडलेल्या नवऱ्याशी काही बोलली आणि बाहेर आली. “शुक्रवारी मुलीला घेऊन या म्हणावं तिच्या आईला. पोर परत येईल. पण तुम्ही? त्या चेन्नैवाल्याला सांगितलंत का, की कुठला आवाज खोटा आहे?”

“नाही. त्याला नाही सांगणार.”

“म्हणजे आणखी किती घरांत वाजायचा आहे तो?”

यांची करंगळी ताठच होती. त्या बाईने आम्हाला ताक दिले. मला पूर्ण पेला, त्यांना अर्धा. “माफी अर्धीच मागितली ना?” त्यांनी तो अर्धा पेला मुकाट्याने संपवला आणि धुऊन ठेवला.

परतीच्या बसमध्ये मी म्हटले, “एक पत्र टाकायचं आहे फक्त.”

“राव, मुलीचं मी केलं. त्याचं करणार नाही. मेलो तरी नाही.”

हाही शब्द त्यांनी पाळला. दुसऱ्या वर्षी, पावसाळा संपताना, दोन दिवसांच्या तापाने ते गेले. गल्लीत माणसे मावली नाहीत. सॉफ्टवेअर मिळालेले ते सात जण दुकाने बंद करून आले होते, तालुका कचेरीतले ते साहेबही आले होते.

तेराव्या दिवसानंतर मी पोस्टकार्ड घेऊन बसलो. यादीवर सही माझी होती. पत्ता लिहिला. ‘तुमच्याकडील एकतीस नंबरचा आवाज चुकीचा आहे. तो प्रेतयात्रेचा आहे. विकणे थांबवावे आणि ज्यांना विकला त्यांना कळवावे.’ मग कारण लिहायचे आले, तेव्हा पेन थांबले. चुकून झाले असे लिहिले तर ते खोटे. मुद्दाम झाले असे लिहिले तर खरे, पण अपुरे. कार्डावर दोन ओळींची जागा उरली होती. मी लिहिले, ‘हे मुद्दाम केले होते. तुम्ही शब्द एकालाच दिला होता, पण दिला होता.’

कार्ड पेटीत टाकले आणि कामावर गेलो. त्या दिवशी मला लोंब्या तीनदा मोजाव्या लागल्या.