रोशनीच्या वहीतला चार

“और फूंको! और! जोर से!”

शाळेच्या हॉलमध्ये पोरं बाकांवर चढून ओरडत होती आणि सगळ्यांच्या वर माझा आवाज होता. मी जबलपूरच्या एका टोकाला रांझीत शिंकलो तर पार गोहलपुरातली कबुतरं उडतात, असा माझा आवाज. टेबलापाशी एका मुलीचे वडील, हल्केराम, उभे. इस्तरीचा शर्ट, तोंडात रबरी नळी, डोळे बाहेर आलेले. समोरच्या डब्यातलं पाणी थोडं खाली आलं आणि थांबलं. मग हलेचना.

“हल्केरामजी, लाजता काय! फुंका!” मी ओरडलो.

आधी डब्याचं सांगतो. मी जबलपूरच्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवतो. त्या वर्षी वरून आदेश आला, ‘प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग’ करा. म्हणजे थर्मोकोलचा ज्वालामुखी बंद. मुलांनी आपल्या घरातलं, मोहल्ल्यातलं काहीतरी खरंखुरं मोजायचं. ट्रेनिंगमध्ये सगळे मास्तर पेंगत होते, मी मात्र हात वर करून म्हणालो, “मी अख्ख्या जबलपूरचा श्वास मोजतो!” मला अशा वेळी कोणी आवरत नाही.

अख्खं जबलपूर बाजूला राहिलं, वर्गातल्या चाळीस मुलांचे बाप तेवढे मोजायचे ठरले. यंत्र साधं, पोरांना घरी नेता येईल असं. तेलाचा पाच लिटरचा पारदर्शक डबा, त्यावर मार्करने खुणा. पाण्याने भरून टबात उलटा धरायचा, खालून नळी घालायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात फुंकायचं. हवा वर चढते, पाणी खाली उतरतं. उतरलं तेवढे लिटर तुमची हवा. धडधाकट माणूस साडेतीन-चार लिटर सहज सोडतो. बापाचं काम एका बाजूला, त्याची हवा दुसऱ्या बाजूला, असा तक्ता करायचा.

आठवडाभरात आकडे आले. फॅक्टरीवाले, बस ड्रायव्हर, शिंपी, सगळे तीन आणि साडेचारच्या मधे. एकच आकडा वेगळा. रोशनी, तिसऱ्या बाकावरची अबोल पोरगी. तिचे वडील हल्केराम मूळचे भेडाघाटचे मूर्तिकार. आता गोहलपुरातल्या एका कारखान्यात ग्राइंडर लावून संगमरवर, ग्रॅनाइट, येईल तो दगड कापायचे. तोंडाला गमछा, बस्स. त्यांच्यापुढे तिने लिहिलं होतं, 1.2.

सगळ्यांपासून लांब पडलेल्या अशा आकड्याला आम्ही ‘आउटलायर’ म्हणतो. तो दिसला की पुन्हा मोजायला जायचं असतं. मी गेलो नाही.

“एक पॉइंट दोन? अगं, एवढी हवा माझ्या स्कूटरच्या पंक्चर ट्यूबमध्ये असते!” वर्ग खदाखदा हसला.

“सर, तीन वेळा घेतलं,” रोशनी म्हणाली. (पोरं हिंदीतच बोलतात, इथे बरंचसं मराठीत लिहून राहिलो.)

“तीनदा चुकलं मग. नळी दुमडली असेल. दिवसभर दगड कापणारा माणूस, त्याची छाती म्हणजे भट्टीचा भाता!”

आणि मी लाल पेन काढला. एकाला डावीकडून तिरकी रेघ, मग एक आडवी. एकाचा चार झाला. 4.2. तक्ता कसा सुबक दिसायला लागला. मी आयुष्यात कितीतरी गोष्टी फुगवून सांगितल्या आहेत. भेडाघाटला मी पाहिलेली मगर दर सांगण्यात हातभर वाढते. पण लाल पेनाने फुगवलेली ही पहिलीच.

रोशनीने तो चार जरा वेळ पाहिला आणि वही बंद केली.

हे पावसाळ्यानंतरचं. प्रदर्शन झालं थंडी सरताना. शिक्षण विभागाचे एक साहेब आले. तक्त्यापुढे थांबले. “वा! दगड कापणाऱ्याचे चार पॉइंट दोन! हे आहेत का इथे?”

होते. पोरीचं प्रोजेक्ट बघायला अर्धा दिवस सुट्टी काढून आले होते. साहेब म्हणाले, “करके दिखाइए, भैया.” आणि तो सगळा आरडाओरडा सुरू झाला.

पाणी एकच्या खुणेशी थांबलं. हल्केरामांनी नळी काढली, दोनदा खोकले, पुन्हा लावली. पुन्हा तिथेच. मग ते मुलांच्या बाकावर बसले आणि गुडघ्यांवर हात टेकून नुसता श्वास ओढत राहिले. ओठ निळसर. बाकांवर चढलेली पोरं एकेक करून खाली उतरली.

प्राचार्या मॅडम माझ्या कानाशी आल्या. “सर, तक्त्यावर तर चार आहे.”

“डबा गळतोय, मॅडम!” मी ठोकून दिलं. नळी तपासली, डब्याचा तळ तपासला.

साहेब शांत माणूस. म्हणाले, “अच्छा? तुम्ही फुंकून बघा.”

मी फुंकलं. पाणी सरसर उतरून चारच्या जरा वर थांबलं. डब्यात काही दोष नव्हता.

त्या संध्याकाळी घरी बायकोलाही मी डब्याचंच सांगायला लागलो. ती मूळची नागपूरची. म्हणाली, “खोटं काहून बोलून राहिले? घरी तरी खरं सांगा.” सांगितलं. मग तिने मला जेवायला वाढलं आणि स्वतः आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी हल्केरामांना मेडिकल कॉलेजला घेऊन गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीपाशी धरला. फुफ्फुसभर पांढरे ठिपके. “दगडाची धूळ आहे. आत गेलेली निघत नाही. काम आजपासून बंद.” मी विचारलं, थोडं आधी आलो असतो तर? “आत गेलेली तेव्हाही निघाली नसती,” डॉक्टर म्हणाले, “पण मधल्या महिन्यांची तरी गेली नसती.”

हल्केराम आता भेडाघाटला चुलतभावाच्या दुकानात बसतात. दुसऱ्यांनी कोरलेल्या मूर्ती विकतात. मूर्ती उचलून दाखवायची झाली की गिऱ्हाइकालाच उचलायला सांगतात. दहा पावलं चालले की थांबतात.

एवढं होऊनही आमच्या प्रोजेक्टला साहेबांनी चांगला शेरा दिला. मी तक्त्यावर पुन्हा 1.2 लिहिलं. आता माझ्या वर्गात कुणाचाही आकडा खोडला जात नाही. पटला नाही तर पुढे प्रश्नचिन्ह टाकायचं आणि पुन्हा मोजायला जायचं. मी पण जातो. एवढ्यासाठी खरं तर ट्रेनिंगसुद्धा लागत नाही.

वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या पेपरला रोशनी व्हरांड्यात भेटली. बरेच दिवस विचारायचं राहिलेलं मी विचारलं. “बेटा, मी चार केला तेव्हा तू भांडली का नाहीस?”

“मम्मी पप्पांना दवाखान्यात नेणार होती, सर,” ती म्हणाली. “मी घरी जाऊन तुमचा चार दाखवला. मग पप्पा कामावर गेले.”