भास्करकाकांची पॉलिसी

आम्ही भिवापूर सोडलं त्या सकाळी गाडीत सगळ्यांत शेवटी शिरलं ते मिरच्यांचं पोतं. डिकीत गाद्या, मागच्या सीटवर भांडी आणि मधोमध चार वर्षांची जुई. पोतं कुठेच मावेना, म्हणून बाबांनी ते जुईच्या पायाशी कोंबलं. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत प्रशांत, मी आणि जुई तिघंही शिंकत होतो. दारात उभी राहून आई रडत होती आणि आमच्या शिंका ऐकून मधेच हसतही होती.

मला नागपुरात एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी लागली होती. प्रशांत, म्हणजे माझा नवरा, इलेक्ट्रिशियन; त्याच्या कामाला कुठलंही गाव चाललं असतं. गाडी नवी होती, महिनाभराची. तिचा विमा काढून दिला होता भास्करकाकांनी. काका म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे मित्र, आणि एका विमा कंपनीचे एजंट. त्या सकाळी ते प्लास्टिकच्या फोल्डरात पॉलिसी घेऊन आले आणि खिडकीतून आत देत म्हणाले, "हे गाडीतच ठेवजो. नागपुरात पोलीस लय पकडते."

बाबांचा मिरचीचा व्यापार. त्यांनी खिडकीवर हात ठेवून सांगितलं, "वैशू, तिथं लय जण येतील, सस्तं देतो म्हणतील. भास्करले सोडजो नको. भाव बदलते, माणूस बदलू नाई."

हे सगळं आज लिहायचं कारण आपल्या नातेवाइकांचा ग्रुप. पुण्याच्या अमोलने, माझ्या मामेभावाने, परवा तिथे विचारलं की गाडीचा विमा वर्षानुवर्षं एकाच कंपनीत ठेवला तर काही फायदा होतो का. उत्तर दोन ओळींचं आहे. पण मला ते कळायला सात वर्षं लागली. तेव्हा भिवापुरात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखं बिऱ्हाड उचलून निघालेल्यांनी थोडा धीर धरावा.

आम्ही सक्करदऱ्याला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, भाड्याने. पहिल्या महिन्यात मी हिमतीने गाडी सीताबर्डीत नेली. व्हरायटी चौकात ती तीनदा बंद पडली. मागचा ऑटोवाला खाली उतरून काचेपाशी आला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "मॅडम, चला रहे हो या पार्क कर रहे हो?" मी घरी येऊन रडले. भिवापुरात माझी गाडी अडली असती तर चार ओळखीचे लोक ढकलायला आले असते, वर चहा पाजला असता. इथे शेजारच्या दाराआड कोण राहतं तेही ठाऊक नव्हतं.

तेव्हा वर्षातून एकदा, दिवाळी झाली की, काकांचा फोन यायचा. "वैशू, तुह्या पॉलिसीची तारीख येऊन राहिली." पैसे मी मोबाइलवरून भरायची, पॉलिसी ईमेलवर यायची. तरी आठवड्याच्या आत काका एसटीने नागपुरात हजर, पिशवीत तीच पॉलिसी छापून. मी म्हणायची, "काका, आता पीडीएफ चालते हो." ते म्हणायचे, "मले कागद देल्याशिवाय जमत नाई." मग जेवायला बसायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर अख्खं भिवापूर वाढायचे. कोणाच्या पोरीचं जमलं, कोणी स्लॅब टाकला, बाबा डॉक्टरचं ऐकतात की नाही. ते गेल्यावर दोन दिवस घरात गावाचा आवाज राहायचा.

चौथ्या वर्षी आम्ही भिवापूरहून परतत होतो. उमरेड रोडवर दिवस मावळताना डाव्या शेतातून एक रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारून थेट बॉनेटवर आली. जुईच्या गुडघ्याला मुका मार बसला, बाकी आम्ही धड. ते जनावरही उठून लंगडत पळालं. गाडीचं तोंड मात्र चेपलं होतं. प्रशांतने पहिला फोन काकांनाच लावला. थोड्याच वेळात मागून एक पिकअप आली. पुढे काका, मागे डोक्याला दुपट्टा बांधून उभे बाबा. काकांनी आधी जुईला उचलून घेतलं, मग चारी बाजूंनी गाडीचे फोटो काढले. गॅरेज, सर्व्हेअर, क्लेमचे कागद, सगळं त्यांनी पाहिलं. आम्हाला कंपनीचं दारही बघावं लागलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर मात्र हप्ता एकदम चढला. मी म्हटलं, "काका, इतकी वर्षं यांच्याकडे आहोत, तरी?"

"क्लेम घेतला ना वं. मंग क्लेम न घेतल्याचा बोनस शून्यावर जाते."

मला वाटलं, कंपनी रुसली. आपण इमानाने राहिलो तर पुन्हा खूश होईल. अमोल, हसू नकोस. मी लायब्ररीत दिवसभर पुस्तकं हाताळते, पण स्वतःची पॉलिसी कधी उघडून वाचली नव्हती.

आणखी तीन वर्षं गेली. खालच्या मजल्यावर रागिणीताई राहायला आल्या, तीच गाडी, तेच वर्ष. एकदा पार्किंगमध्ये बोलता बोलता त्यांनी हप्ता सांगितला आणि मी गारच पडले. माझ्यापेक्षा कितीतरी कमी. त्या म्हणाल्या, "मी तर दर वर्षी मोबाइलवर सगळ्या कंपन्या बघते. जिथे स्वस्त, तिथे आपण."

मी वर येऊन कंपनीला फोन लावला. गाणं ऐकून ऐकून कान किटल्यावर एक मुलगी बोलली. मी म्हटलं, "सात वर्षं झाली आम्ही तुमच्याकडे आहोत. जुन्या ग्राहकाला काही सूट?"

"मॅडम, नो क्लेम बोनस ऑलरेडी लावलेला आहे."

"तो झाला. पण इतकी वर्षं टिकलो त्याचं काही?"

ती थोडा वेळ शोधत राहिली. मग हळूच म्हणाली, "सॉरी मॅडम, सिस्टिममध्ये तसं ऑप्शनच नाही."

मी मोबाइलवर दुसऱ्या कंपनीचा भाव काढून ठेवला. त्याच आठवड्यात काकांचा नेहमीचा फोन आला. मी उचलला नाही. दुसऱ्यांदा आला, तोही नाही. उमरेड रोडवर जुईला उचलून घेऊन उभा असलेला तो माणूस डोळ्यांसमोरून हलेना. चोरून कंपनी बदलायची आणि वर्षभर तोंड चुकवायचं, हे काही जमणार नव्हतं. रविवारी मी एकटीच गाडी काढली आणि भिवापूर गाठलं.

आधी बाबांना गाठलं. ते गोदामात होते, चारी बाजूंनी मिरची. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही जुन्या गिऱ्हाइकाला पसाभर जास्त घालता. या कंपन्या नव्याला स्वस्तात ओढतात आणि जुन्याला काहीच देत नाहीत."

बाबांनी हातातली मिरची मोडली, वास घेतला. "मंग थे धंदा नाई करून राहिली, मासे पकडून राहिली. गळाले लागलेल्या मासोळीले कोन चारा टाकते?" आणि मग, "पन भास्करले तूच सांग. मले नाई जमणार."

काका ओसरीत पेपर वाचत होते. मी चहा येण्याआधीच बोलून टाकलं. त्यांनी हात पुढे केला. "दाखव, काय देऊन राहिले थे." चष्मा लावून माझ्या मोबाइलवरचा दुसऱ्या कंपनीचा भाव ते ओळ न् ओळ वाचत गेले.

"हे पाय. गाडीची किंमतच कमी धरली यायनं. गाडी चोरीले गेली त एवढेच भेटतील. आन झिरो डेप काढून टाकलं. उद्या ठोकली त पार्टाचा घसारा तुह्या खिशातून. म्हनून दिसते सस्तं. आता सारखं करून पाय."

आम्ही दोघांनी मिळून किंमत नीट केली, झिरो डेप परत घातलं. फरक बराच आटला. तरी होताच.

"मंग घे," काका म्हणाले.

"आणि माझा बोनस? तीन वर्षांचा जमलाय."

"थो का कंपनीचा हाय? थो तुहा हाय. क्लेम न घेणाऱ्याले भेटते थो, टिकून राहणाऱ्याले नाई. जिथं जाशील तिथं संग जाते. फक्त तारीख संपायच्या आंदी कर. संपल्यावर नव्वद दिवस उलटले त बोनस बुडला. आन मागं क्लेम घेतला का इचारलं, त खरं लिहिजो. खोटं लिहिलं त ऐन वक्ती हात वर करते."

"म्हणजे एकाच ठिकाणी राहिल्याचं काहीच नाही?"

"एखादी कंपनी देते थोडी सूट, भांडलं त. तुही देत नाई."

मी सहज विचारलं, "मग तुमच्या गाडीचा विमा तरी...?"

काका एकदम पेपरची घडी घालायला लागले. आतून काकूंचा आवाज आला, "यायची गाडी त तीन वर्सं झाले दुसऱ्याच कंपनीत हाय वं!"

मी काकांकडे पाहिलं. ते छताकडे. मग आम्ही दोघंही हसत सुटलो. काकू चहा घेऊन बाहेर आल्या, त्याही हसत होत्या. पण हसू ओसरल्यावर मला क्षणभर खरंच राग आला. म्हटलं, "काका, तुम्हाला माहीत होतं. मला काहून नाही सांगितलं?"

काकांनी बशीत चहा ओतला, तो तसाच राहिला.

"तुही पॉलिसी गेली त मी कोण्या कामानं येऊ तुह्या घरी? तिथं शहरात काम असल्याबिगर कोनी कोनाकडे जात नाई म्हनते."

सात वर्षं मी वाट बघत होते ती गावाकडून येणाऱ्या माणसाची, आणि तो माणूस दर वेळी माझ्या दारात यायला कागद शोधत होता. मी एवढंच म्हटलं, "काका, उद्यापासून कामाशिवाय या. कागद घेऊन आलात तर दार उघडणार नाही." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. काका म्हणाले, "फॉर्म भर पयले, बॅटरी चालली तुही." एकेक प्रश्न त्यांनी वाचला, मी भरला, आणि त्यांच्याच ओसरीत बसून मी त्यांची कंपनी सोडली.

तर अमोल, तुझ्या दोन ओळी अशा: नुसतं टिकून राहिल्याचं बक्षीस फार क्वचित मिळतं, दर वर्षी सारख्याला सारखं लावून तुलना कर. बोनस तुझा आहे, सोबत ने.

यंदा दिवाळी झाली तरी काकांचा फोन आला नाही. तारखेची आठवण करायची त्यांना गरजच उरली नव्हती. मी मनात म्हटलं, गेलं ते. आणि एका शनिवारी सकाळी दारावरची बेल वाजली. काका आणि काकू दोघंही, हातात कपड्यांची पिशवी. काका म्हणाले, "दोन दिवस राहतो. काम काई नाई." काकूंनी मेट्रोत बसायचा हट्ट धरला. एकदा बसून मन भरलं नाही म्हणून जुईने त्यांना परत उलट्या दिशेने फिरवून आणलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. मागे काकांचा आणि प्रशांतचा पत्त्यांवरून कल्ला चालला होता. तिने विचारलं, "कायचा गोंधळ वं?"

मी म्हटलं, "काका-काकू आलेत ना आपल्या घरी."

"आपल्या घरी? इथं त नाई आले बाप्पा."

मला हसू आलं. "नाही वं आई. इकडच्या आपल्या घरी."