धुऱ्याकडची पऱ्हाटी

बार्शीटाकळीचे नासिरभाई फुटाणे भाजायचे. वाळूची कढई आणि सरपण पऱ्हाटीचं. कापूस वेचून झाला की शेतात उभी राहते ती वाळकी झाडं. पऱ्हाटी झटकन पेटते, मागे ओढली की आग लगेच उतरते. हरभरा टाकताना जाळ चढवायचा, फुटू लागला की काड्या ओढायच्या. वडिलांनी त्यांना एवढंच शिकवलं होतं.

पऱ्हाटी शालिकराम यांच्या शेतातली. नासिरभाईंनी ती लोखंडी चिमट्यानं उपटून शेत मोकळं करून द्यायचं, काड्या न्यायच्या आणि पोळ्याला फुटाणे पोचवायचे. व्यवहार जुना, तोंडी.

मग तालुक्यात कांड्यांचा कारखाना आला. पऱ्हाटीचा भुगा दाबून बोटाएवढ्या कांड्या करतात. वीजकेंद्रात त्या कोळशाबरोबर जळतात. पऱ्हाटी उपटून जागीच बारीक करणारं यंत्र शेतोशेत फिरतं. ते चालवतो नासिरभाईंचा मुलगा साजिद. घर त्याच्या पगारावर चालतं, भट्टीवर फक्त भट्टी.

साजिदनं एकदा पोतंभर कांड्या घरी आणल्या. त्यांची आग कमी करता येईना. हरभरा वरून करपला, आत कच्चा राहिला.

"इससे तेरी बिजली बनती, मेरे फुटाने नहीं," नासिरभाई म्हणाले.

यंदा शालिकराम यांनीही शेत कारखान्याला दिलं, धुऱ्याकडची काही तासं, म्हणजे बांधालगतच्या ओळी, सोडून.

"तेवढी तुमची, नासिरभाई. बाकीच्याले मजूर भेटत नाही. तुमच्यानं तरी आता उपटणं होते काय?"

"कावून नाही होत? कंबर माही आहे, तुमची नाही."

दोन दिवसांत एक मोळी झाली. तिसऱ्या दिवशी यंत्र आलं. सगळं शेत साफ करून साजिदनं ते धुऱ्याजवळ थांबवलं. पुढे वडील चिमटा घेऊन उभे.

"कावून थांबला बे? सासुरवाडी लागली काय?" मागून कारखान्याचा मुकादम ओरडला.

"हे तासं सोडलेले आहेत."

"सारं शेत लिहून घेतलं आहे. तुले नसन चालवायचं तं उतर. दुसरा उभा आहे."

शालिकराम पुढे झाले. "राहू द्या ना तेवढं. मी शब्द देल्ला आहे."

"मंग पुढच्या साली तुमीच उपटजा."

शालिकराम मागे सरले. साजिद उतरला नाही, यंत्रही पुढे नेईना. इंजिन चालू होतं. नासिरभाईंनी मोळी ओढून धुऱ्यावर घेतली, चिमटा तिच्यात खोचला.

"चालव," ते म्हणाले.

त्या मोळीवर भट्टी होळीपर्यंत पेटली.

आता नासिरभाई त्याच कारखान्यात आहेत. साजिदनंच लावून दिलं. ओला भुगा वाळवायला तिथे एक भट्टी आहे, तिच्यासमोर ते बसतात. सरपण पऱ्हाटीचंच. "चाचा, हरभरा आणू काय?" कामावरची पोरं विचारतात. ते काड्या आत लोटतात. मागे ओढायचं काम इथे नाही. जाळ उतरू द्यायचा नाही, एवढंच त्यांना सांगितलेलं आहे.